ज्वारीवर बांधलेला सिनेमा

एका भल्या माणसाची आई मी पिशोरच्या ज्वारीवर पाखरं हाकायला बांधली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी त्या माणसाविषयी कितीही गोड लिहिलं तरी तुम्ही मला फार चांगली समजणार नाही.

आई म्हणजे तिचं चित्र ज्या व्हिडिओ कॅसेटमध्ये होतं, त्या कॅसेटची फीत. आमच्याकडे ज्वारी दाण्यावर आली की शेतात काठ्या रोवतात आणि जुन्या कॅसेटची फीत या काठीवरून त्या काठीवर ताणून बांधतात. ती उन्हात चमकते, वाऱ्यानं घूं घूं वाजते, पाखरं कणसाला तोंड लावत नाहीत. गोफण फिरवत बसायला माणूस लागत नाही. माझ्या धाकट्या दिरांनी पिशोरहून निरोप धाडला होता, "वहिनी, घरात जुन्या कॅसेटी पडल्या असतील तर द्या." आणि मी, अठ्ठावन्न वर्षांची, नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली, दुसऱ्यांना अक्कल शिकवण्यात उभा जन्म घालवलेली बाई, ओसरीवर बसून एकेका कॅसेटचं झाकण उचकटून फीत उपसत बसले. मटाराच्या शेंगा सोलाव्यात तशी. मजा येत होती, तेही सांगते.

तो माणूस पडेगावात आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायचा. शहरातल्या एका थिएटरात मशीन चालवण्यात त्यांची हयात गेली, म्हणून सगळी कॉलनी त्यांना ऑपरेटर म्हणे. थिएटर बंद पडलं, त्या जागी मंगल कार्यालय झालं, तरी ते ऑपरेटरच राहिले. उंच, किडकिडीत, आणि उजवा डोळा कायम थोडा बारीक. तीस वर्षं भिंतीतल्या चौकोनी भोकातून पडद्याकडं बघून तो तसाच राहून गेला होता. सकाळी फाटकाशी दिसले की ते म्हणत, "जय भीम बाई," मी म्हणे, "नमस्कार ऑपरेटर," आणि आम्ही आपापली दुधाची पिशवी घेऊन वळत असू.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आधी फोकस, मग ष्टोरी." हे ते कशालाही लावत. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलीसाठी स्थळ आलं, मुलाचा फोटो कॉलनीभर फिरला. ऑपरेटरांनी तो हातभर लांब धरला, डोळा आणखी बारीक केला आणि परत दिला.

"फोकस नाय बाई. मुलगा हललाय."

"अहो, फोटो काढणारा हलला असेल."

"मग मागचं झाड बी हललं असतं. झाड जाग्यावर हाय."

मुलीचं लग्न त्याच मुलाशी झालं. चार वर्षांत त्यानं पाच नोकऱ्या बदलल्या. मैत्रीण आजही म्हणते की ऑपरेटरांची दृष्ट लागली.

आमच्या मुलानं रुंद, चपटा टीव्ही आणून भिंतीला लावला, तेव्हा तो दाखवायला मी ऑपरेटरांना मुद्दाम बोलावलं. जुना सिनेमा चालू होता. ते बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "बाई, ह्या माणसांना सूज आली."

खरंच आली होती. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणून बसवलं होतं, त्यामुळं नायकाचं तोंड पुरीसारखं फुगलं होतं. मला वाटलं होतं, महागाच्या टीव्हीत माणसं खात्यापित्या घरची दिसत असतील. त्यांनी रिमोट मागून घेतला, दोन बटणं दाबली आणि नायक रोड झाला. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. मी कुरकुरले, "एवढी जागा फुकट गेली." ते म्हणाले, "जागा आपली, चित्र त्यांचं." ते गेल्यावर मी पुन्हा सगळ्यांना सुजवलं.

सीडीवर सिनेमे आले तेव्हाही त्यांचं तेच. घाईचा प्रसंग आला की चित्राचे बारीक चौकोन व्हायचे, ते म्हणत, "हिरोला चौकोनी कांजिण्या आल्या." आणि एक गंमत तुम्ही कुणाच्या घरी पाहिली नसेल. थिएटरात एक रीळ संपायच्या बेतात आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. तो मशीनवाल्याला इशारा असतो, की दुसरं मशीन सुरू कर. जुन्या सिनेमाच्या कॅसेटमध्येही ते ठिपके उतरलेले असत. आमच्या सोफ्यावर बसलेले ऑपरेटर ठिपका दिसला की अर्धे उठायचे. मग कुठं आहोत ते ध्यानात येऊन खाली बसायचे. एका सिनेमात असं सात-आठ वेळा. मी त्यांच्या मागं उभी राहून त्यांची नक्कल करायची, आणि आमचे हे चहाच्या कपात तोंड घालून हसायचे.

आता त्या कॅसेटचं. जुना कृष्णधवल सिनेमा, कधीकाळी रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर लागला तेव्हा ऑपरेटरांनी तो उतरवून घेतलेला. पुढं त्यांचा व्हीसीआर कायमचा बंद पडला. आमचा चालू होता, म्हणून कॅसेट आमच्याच कपाटात राहू लागली, आणि दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी ते ती बघायला येऊ लागले. इस्त्रीचा शर्ट घालून. एकटे.

सिनेमाच्या मध्यावर एक प्रसंग होता. दौलताबादच्या किल्ल्यातल्या पायऱ्या, खालच्या पायरीवर नटी बसलेली, नायक काहीतरी बोलतो आणि ती मान मागं टाकून हसते. नेमकं तिथं ते चित्र थांबवायचे. कॅसेटवरचं थांबलेलं चित्र, ते थरथरायचं, पांढऱ्या रेघा मारायचं. ऑपरेटर उठून टीव्हीच्या अगदी जवळ जायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि बघत उभे राहायचे. पाच मिनिटं तरी.

मी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायची, "पुरे आता ऑपरेटर, नजर लागेल तिला. घरी वहिनी वाट बघतायत."

"व्हय बाई, झालंच."

त्या नटीच्या कानातले झुबे, गालावरची खळी, कोपरापर्यंतच्या बाह्या, मला आजही सगळं सांगता येईल. एका वर्षी तर हळदीकुंकवाला दहा बायकांत मी त्यांच्या बायकोला म्हटलं, "वहिनी, तुमची सवत आमच्याकडं आहे हो, टीव्हीत." सगळ्या हसल्या. वहिनींनी मान खाली घातली आणि त्याही थोडं हसल्या. मला माझ्या विनोदाचं फार कौतुक वाटलं. किती वाटलं, हे आठवलं की मी आजही पांघरूण डोक्यावरून घेते.

निवृत्त झाले त्या हिवाळ्यात मी क्रांती चौकातल्या एका दुकानात नातवासाठी काही बघत होते आणि समोरच तो सिनेमा. डीव्हीडी. वेष्टणावर नटी पोपटी साडीत, आभाळ निळंशार. दुकानदार म्हणाला, "पुरा कलर में है मॅडम. एकदम साफ किया हुआ, नये टीव्ही में पूरा भरके आता है." मी हुरळले. म्हटलं, बिचारे ऑपरेटर दरवर्षी रेघांतून बघतात, यंदा त्यांना त्यांची नटी रंगात भेटवू. घरी येऊन कपाट उघडलं, आता ह्या खोक्यांचं काय काम, असं म्हणून लग्नांच्या तेवढ्या दोन कॅसेटी ठेवल्या आणि बाकीच्या ओसरीवर घेतल्या. त्याच आठवड्यात दिरांचा निरोप आलेला होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

संक्रांतीनंतरच्या रविवारी ते आले. मी टीपॉयवर रुमालाखाली डीव्हीडी झाकून ठेवली होती. रुमाल उचलला. त्यांनी डबी उलटसुलट करून पाहिली.

"रंगीत केली व्हय."

"आणि स्वच्छ. एक ओरखडा नाही," मी अशी म्हणाले की जणू मीच घासली होती.

सिनेमा सुरू झाला. नायकाला, नटीला, म्हाताऱ्या पाटलाला, सगळ्यांना एकच कातडी. "एकाच वाटीतली हळद लावलीय सगळ्याला," ते म्हणाले, आणि मीही हसले, कारण खरंच तसं दिसत होतं. चेहऱ्यावर सुरकुती नाही, भिंतीवर पोपडा नाही. सगळं मेणातून काढल्यासारखं. ठिपक्याची वेळ झाली. त्यांना ती पाठच होती. ते पुढं झुकले. ठिपका आला नाही. साफसफाईत तोही गेला होता. ते मागं टेकून बसले, पण त्यांचे गुडघे तेवढे हलत राहिले.

पायऱ्यांचा प्रसंग आला. त्यांनी चित्र थांबवलं. या वेळी ना थरथर, ना रेघ. मी दारातून म्हणाले, "घ्या. आता भेटा पोटभर."

ते टीव्हीजवळ गेले. चष्मा कपाळावर सरकवला. मग त्यांनी बोट उचललं आणि नटीच्या डोक्याच्या वर, पडद्याच्या वरच्या कडेवर, खरं म्हणजे टीव्हीच्या प्लॅस्टिकवर टेकवलं.

"इथं होती."

"कोण?"

"वरच्या पायरीवर बाया उतरतेत ना, पाट्या घिऊन. रुंद टीव्हीत बसवायला वरनं खालनं छाटलंय बाई. डोकी गेली. पाय ऱ्हायले." त्यांनी बोट जरा खाली घेतलं. "हे तिसरे पाय माझ्या आईचे हायेत."

मी पुढं येऊन पाहिलं. नटीच्या पोपटी साडीच्या वर, चित्राच्या कडेला, चार बायकांची लुगडी पोटरीपासून खाली दिसत होती. चारही लुगडी एकाच विटकरी रंगात बुचकळून काढलेली. पायांना बोटं अशी राहिलीच नव्हती. पुसून गुळगुळीत केलेले पाय.

"लुगडं विटकरी केलंय," ते म्हणाले. "कोणत्या रंगाचं होतं ते मलाच आठवत नाय. ह्यांना कुठनं कळलं?"

ते चिडले नव्हते. खरोखरच विचारत होते. त्या रंगवणाऱ्यानं कुणाला तरी विचारलं असेल, आणि तो माणूस सापडला तर आपणही विचारू, असं काहीतरी त्यांच्या आवाजात होतं. मग ते सोफ्यावर येऊन बसले.

"असू द्या. आपली कॅसेट लावा बाई."

मी म्हणाले, "सापडत नाहीये."

हो, खोटं बोलले. छत्तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवून. ते लगेच उठले. "मागं सरकली असंल, थांबा," म्हणून कपाटापुढं गुडघ्यावर बसले आणि खालचा खण उपसू लागले. आमच्या ह्यांच्या बँकेच्या फायली, जुने स्वेटर, नातवाची मोडकी आगगाडी, एकेक वस्तू बाहेर काढून, फडक्यानं पुसून, नीट रचत होते. मी बघत उभी होते. अर्धा तास मी त्यांना शोधू दिलं. कॅसेटचं पाप अजाणतेपणी झालं असं मी पुष्कळदा स्वतःला समजावते. पण तो अर्धा तास मी पुरती शुद्धीवर होते.

शेवटी सांगितलं. त्यांनी हातातला स्वेटर घडी करून ठेवला.

"कुठल्या शेतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं पिशोरला निघालो. रस्त्यात त्यांनी सांगितलं. मी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. किल्ल्याच्या डागडुजीवर त्यांची आई पाट्या वाहायची. एकदा शूटिंगवाले आले, त्यांनी या बायांना दिवसभर पायऱ्या चढायला-उतरायला लावल्या. रात्री ती घरी म्हणाली, मी सिनेमात हाय. सगळे हसले. पुढच्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला तापानं गेली. ऑपरेटर तेव्हा आठ वर्षांचे. घरात फोटो नाही; तिचा फोटो काढावा असं कुणाच्या डोक्यात येण्याइतके ते दिवस सरळ नव्हते. पुढं ते थिएटरात लागले, मशीनवर बसले, आणि एका आठवड्यात मॅटिनीला जुना सिनेमा आला.

"भोकातनं बघत होतो बाई. ती वरनं उतरली आन् सरळ माझ्याकडं बघितलं. ठिपका येऊन गेला, मला कळलंच नाय. पडदा पांढरा. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, मालकानं शिव्या घातल्या. तेवढं एकच रीळ चुकलं माझं."

मी खिडकीकडं बघत म्हणाले, "मला का नाही सांगितलंत? मी काय वाट्टेल ते बोलत होते."

ते हसले. "सांगितलं असतं तर तुम्ही गप झाल्या असत्या. मग मलाच दर वर्साला यायची लाज वाटली असती."

शेतात ज्वारी डोक्याएवढी होती. वर फीत तशीच ताणलेली, वाऱ्यानं वाजत होती. तीन आठवड्यांच्या उन्हानं आणि दवानं ठिकठिकाणी तुटलेली, गाठी मारलेली. नऊ कॅसेटी एकमेकींत मिसळलेल्या. कुठली फीत सिनेमाची आणि कुठली नातवाच्या बारशाची, सांगायला काही खूण नव्हती. धाकटे दीर एकदा माझ्याकडं बघत, एकदा ऑपरेटरांकडं. त्यांना वाटलं, आम्ही हुरडा खायला आलोय.

ऑपरेटर एका काठीशी गेले. चार हात लांबीचा तुकडा सोडवला आणि दोन्ही हातांत धरून उन्हाकडं उचलला. डोळा बारीक केला. सिनेमाच्या रिळाचा तुकडा असा धरला की त्यात एकेक चित्र दिसतं; जन्मभराची सवय ती. कॅसेटच्या फितीत काही दिसत नाही. तपकिरी, सपाट, बस. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्यांनी दुसरा तुकडा धरला, तिसरा धरला. मग तो तिसरा तुकडा त्यांनी काठीला परत बांधला, दोन गाठी मारून, आणि दिरांना म्हणाले, "राहू द्या. कणसं भरलेत. पाखरं येतील."

नंतर मी हातपाय मारले. दुकानं पालथी घातली. ज्या ऑफिसातून थिएटरला रिळं यायची ते कधीच बंद झालं होतं. पुढं नातीनं मोबाइलवर शोधून दिलं, "आजी, ही बघ, काळी-पांढरी सापडली." ती त्याच छाटलेल्या डीव्हीडीवरून घेतलेली, वरचा रंग काढून टाकलेली. रंग पुसता येतो; डोकी परत येत नाहीत. ऑपरेटर दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी तरीही येत राहिले. चहा घेत, इकडचंतिकडचं बोलत. टीव्ही आम्ही लावत नसू. चेष्टा करायची माझी जीभ त्या दिवशी टाळ्याला चिकटायची, आणि ते ओळखून तेच एखादी फिरकी घेत.

वहिनी आधी गेल्या, ऑपरेटर तीन वर्षांपूर्वी. पुण्यानुमोदनाला मी गेले. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या, शेजारी हार घातलेला त्यांचा फोटो. फोटो फोकसमध्ये होता. भिंतीवर एवढ्या मोठ्या माणसांच्या तसबिरी, आणि त्यांच्या आईची जागा कुठं असायला हवी होती ते मला एकटीलाच दिसत होतं, असं मला वाटलं. तेही खोटंच. त्यांची मुलगी नाशिकला नर्स आहे. मंडळी पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"पप्पा सांगायचे, कॅसेटला बुरशी लागली. तुम्ही लई जपली होती म्हणायचे."

मी तिला सगळं सांगितलं. ओसरी, शेंगांसारखी उपसलेली फीत, अर्धा तास, पिशोर. काही झाकलं नाही. ती ओरडेल असं वाटत होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.  ती माझ्याकडं सरकली आणि म्हणाली:

"आमच्या घरचा व्हीसीआर चालू होता तेव्हा मी लहान होते बाई, पप्पा बोट दाखवायचे आणि मी त्यांच्या मांडीवर झोपून जायची. तुम्ही तर दरवर्षी बघितलंय. आमची आजी दिसायची कशी, तेवढं सांगा."